इटालियन आटे

"हॅलो?… हॅलो! हां, आयकू येतं, बोल बाय… मीच गो, दुसरं कोण उचलणार?… नाही, धापा नाही टाकत. जनेलापाशी उभा होतो, धावत आलो… धावत म्हणजे चालतच गो. तू कशी आहेस?"

कृष्णनाथबाब जनेलापाशी, म्हणजे खिडकीपाशी, मुळीच उभे नव्हते. जेवणाचं ताट विसळून ठेवल्यापासून ते फोनशेजारच्या वेताच्या खुर्चीत बसून होते. रविवारी फोनचा दर अर्धा, म्हणून त्यांच्या लेकीचा, सुमंगलाचा, पुण्याहून फोन यायचा तो रविवारीच. घंटा वाजल्याबरोबर उचलला तर पोरीला वाटेल बाप टपूनच बसलाय. म्हणून ते चार घंटा वाजू द्यायचे आणि मग जरा श्वास लागल्यासारखं करून बोलायचे. माणसाला एकटं असण्याचीसुद्धा लाज वाटते ती ही अशी.

"जेवलो की… भात आणि हुमण… बांगड्याचं. शेवंती देऊन गेली, शेजारची… नाही गो, रोज कुठे देते? मी करतो ना. डाळ करतो, भाजी करतो… कसली म्हणजे? भाजी ती भाजी. तू खाण्याचं विचारू नकोस, तुझी आई गेल्यापासून मी काय उपाशी आहे?… मुलं कुठे आहेत? आवाज नाही त्यांचा… पोहायला? रविवारी पण?… बरं, बरं. पोहावं. नदीत पडली तर उपयोगी येईल."

"आणि ते… मे महिन्याचं काही… हो, हो, सांगितलंस तू. मुलांचे क्लास आहेत, सासूबाईंचा डोळा आहे. मी कुठे काय म्हणतो? सहज विचारलं. लइराईची जत्रा झाली ना परवा, म्हणून आपलं… झाली. गर्दी असणार. मी नाही गेलो… शिरगाव लांब नाही गो, चालत जाण्यासारखं आहे. पण एकट्यानं जत्रेत जाऊन काय करायचं? खाजं घ्यायचं आणि परत यायचं?"

मुळगावात रविवार फार शांत जातो. इतर दिवशी खनिजाचे ट्रक रस्त्यावरून धडधडत जातात, घरात लाल धूळ येते, कृष्णनाथबाब ट्रकवाल्यांच्या नावानं खडे फोडतात आणि फडकं घेऊन टेबल पुसतात. तेवढाच वेळ जातो. रविवारी ट्रक बंद. भांडायला कोणी नाही आणि पुसायला धूळ नाही.

"हां, सायकल! अगो, त्याचंच तर सांगायचं होतं… नाही, अजून काढला नाही कप. तू म्हणालीस ना, फोनवर असताना काढू, म्हणून थांबलो… हो, फ्रेम इथेच आहे, उलटी करून ठेवली आहे समोर. हातोडी आहे. छिन्नी आहे… अगो ऐक ना, घाई कसली? नीट सांग मला एकदा सगळं. पहिल्यापासून."

इथे थोडं मागचं सांगायला हवं. गोवा मुक्त झाल्यानंतर काही वर्षांनी सुर्ल्याच्या खाणीवर एक परदेशी इंजिनियर होता. तो मायदेशी परतताना आपली सायकल स्टोअरकीपरला, म्हणजे कृष्णनाथबाबांना, देऊन गेला. ती कुठल्या देशात तयार झाली हे कोणालाच ठाऊक नाही, कारण तिच्यावरचं नाव तेव्हाच खरवडून गेलं होतं. या सायकलच्या दांडीवर बसून सुमंगला शाळेत गेली. सुट्टीत तीच सायकल बसच्या टपावर टाकून बापलेक केरीला मामाकडे जात, आणि मग समुद्राच्या कडेनं ओल्या वाळूवरून तेरेखोलच्या फेरीपर्यंत चालवत. आता पेडल मारलं की ती कण्हायला लागली होती. पेडलचा आडवा दांडा ज्या नळीतून जातो, तिच्या दोन्ही तोंडांना आतून आटे असतात आणि त्यात एकेक कप फिरवून बसवलेला असतो. उजवीकडच्या कपात छर्र्यांनी खड्डे पाडले होते. कप बदलायचा, एवढंच काम.

पण सुमंगला पुण्याला सायकलचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे. तिथे हेच कप तयार होऊन देशोदेशी जातात. गेल्या रविवारी ती म्हणाली होती की कप सगळीकडे सारखे नसतात. आटे इंग्लिश असतील तर डिचोलीच्या मधुकरच्या दुकानात दोरीला डझनभर लटकलेले आहेत, एक आणा आणि बसवा. "पण इटालियन निघाले तर मात्र बाबा, तिकडे कोणाला जमायचं नाही. मलाच यावं लागेल." हसत हसत बोलली होती. ती बोलून विसरलीही असेल. कृष्णनाथबाबांनी ते वाक्य आठवडाभर सांभाळलं.

गुरुवारी त्यांना राहवलं नाही. त्यांनी छिन्नी लावली, हातोडी हाणली आणि कप घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरला, सुटला. ती इंग्लिशची खूण. शंभर टक्के इंग्लिश. मधुकरकडे मिळणारा. तो कप आता त्यांच्या पायाशी वर्तमानपत्रावर पडला होता, आणि कृष्णनाथबाब लेकीला सांगत होते की अजून काढला नाही.

"सांग, सांग. इंग्लिश म्हणजे कसं?… उजवा कप उलट्या आट्यांचा. आणि डावा सुलट्या… म्हणजे उजवा सोडवायचा तर सगळं जग ज्या दिशेनं आवळतं त्या दिशेनं फिरवायचा… असं उलटं का गो पण?… पेडल मारून मारून कप आपोआप सुटू नये म्हणून. हुशार लोक… आणि इटालियन?… दोन्हीकडे सुलटेच. कपाचा व्यास मोठा, छत्तीस मिलिमीटर. नळी सत्तर लांबीची. इंग्लिशची अडुसष्ट… दोनच मिलिमीटरचा फरक? मग इटालियनचा उजवा सुटत नाही वाटेत?… सुटतो? अगो, सुटतो तर करतात कशाला तसा?… हट्ट! बरं, हट्टाला औषध नाही. आणि फ्रेंच?"

"फ्रेंच पण सुलटेच, पण कप पस्तीसचा… आणि आट्यांतलं अंतर वेगळं. इंग्लिशचे इंचात चोवीस, फ्रेंचचे मिलिमीटरला एक… मग इंग्लिश कप फ्रेंच नळीत जातच नाही?… थोडा जातो. एखादा फेरा जातो आणि अडकतो… आणि जोर केला तर?… नळीतले आटेच फाटतात. म्हणजे गेला गेला म्हणून खुशीत येऊ नये. बरं. आता पुन्हा सांग, इंग्लिशचा उजवा कुठे फिरवायचा म्हणालीस?… अगो, चिडू नकोस. विसरतो मी."

"विसरतो म्हणजे… थोडंसंच गो. वय झालं… हो, मीच शिकवलं होतं तुला, आठवतं ना… नाही, डॉक्टरला नाही दाखवलं. डॉक्टरला काय दाखवू, डोकं?… माणसं ओळखतो ना मी. कालच शेवंतीला शेवंती म्हटलं… हसू नकोस."

विसरले होते म्हणे! सुर्ल्याच्या स्टोअरमध्ये हा माणूस डोळे मिटून बोल्टवरून नख फिरवायचा आणि आटे कुठले ते सांगायचा. शाळेला सुट्टी असली की सुमंगला तिथे उलट्या खोक्यावर बसून नटांची वर्गवारी करायची. नट जबरदस्तीनं फिरवलास तर हातावर फटका मिळेल, असा दम होता. पुढे पोरगी कारखान्यात गेली ती त्या खोक्यावरून उठूनच गेली म्हणायची. आणि आज तोच बाप आट्यांची दिशा तिला तिसऱ्यांदा विचारत होता. तिला त्याच्या डोक्याची काळजी वाटायला लागली होती, आणि खरं सांगायचं तर ती काळजी बापाला गोड लागत होती.

"हां, लावतो छिन्नी… लावली. मारू?… आयकलंस?… पुन्हा मारतो."

कृष्णनाथबाबांनी रिसीव्हर कानाखांद्यात धरला आणि हातोडी जमिनीवर आपटली. कोब्याचा एक टवका उडाला.

"नाही सुटत गो. गंजलाय… तेल सोडलं की मघाशी. खोबरेल… न्हय गो, खोबरेल नको होतं? मग कुठलं?… बरं, मशीनचं तेल घालतो. ते मुरेपर्यंत तू बोल… काहीही बोल. ऑफिसचं बोल… हां, थांब, थांब जरा, पोदेर आला."

"ए, एक उंडो ठेव रे खिडकीत!… एकच… हां, बोल बाय. पोदेर होता, पाव घेतला… एक पुरतो गो. मोठा असतो. अर्धा आत्ता चहाबरोबर, अर्धा सकाळी… शिळा कसला, गरम करतो की तव्यावर… तुझी आई असताना सहा घ्यायचो, ती गोष्ट वेगळी. घरात माणसं येत-जात होती. आता ते… असू दे. तू ऑफिसचं सांगत होतीस."

"हो… हो… मग साहेब काय म्हणाले?… अगो, तू असं तोंडावर म्हणालीस? शाब्बास!… बरं केलंस. माप चुकलं तर चुकलं म्हणायचं, मग साहेब असो की कोणी… मुरलं असेल आता तेल? बघतो मारून."

त्यांनी हातोडी पुन्हा आपटली. मग आणखी एकदा, जरा जोरात. आता फार ताणण्यात अर्थ नव्हता. पुण्याला चहाची वेळ होत आली होती, मुलं पोहून परत येतील, आणि मुलं आली की फोन ठेवला जातो हे त्यांना माहीत होतं.

"सुटला!… सुटला गो!… हो, फिरला… कुठल्या दिशेनं?"

कृष्णनाथबाबांनी पायाजवळच्या कपाकडे पाहिलं. आयुष्यात त्यांनी स्टोअरमधला एक वॉशरही खोटा लिहिला नव्हता. लोक त्यांना चिकट म्हणत, खवचट म्हणत, पण खोटारडा कोणी म्हटलं नव्हतं. पण सुमंगला येईल, ओट्यावर बसून हात काळे करील, जेवायला दोन ताटं लागतील, हे चित्र त्या लौकिकाहून जवळचं होतं.

"उलट. घड्याळाच्या उलट… हो, नेहमीसारखाच सुटला… उजवाच गो! चेनच्या बाजूचा. मला उजवं-डावं कळतं अजून… मोजतो, थांब… नळी सत्तर… फूटपट्टी आहे, पण सत्तर दिसतं स्वच्छ… कपाचा व्यास छत्तीसला धागाभर कमी… हो. छत्तीसच धर."

"हॅलो? काय झालं?… ओरडतेस काय एवढी?… कोणाला सांगतेस? जावईबापूंना?… त्यांना काय त्याचं? त्यांना हाक मारलीस मुद्दाम?… इटालियन. हो, मुळगावात. आहे खरी गंमत… हो, इंजिनियर तिकडचाच असणार… तू रडतेस की हसतेस?… एवढा आनंद होण्यासारखं काय आहे गो त्यात."

पोरीला आनंद झाला होता तो आटे ओळखणाऱ्या माणसाला होतो तसा. लहानपणी जिच्या दांडीवर बसून शाळेत गेलो ती सायकल इटालियन निघाली म्हणून ती तिकडे घरभर सांगत सुटली होती. कृष्णनाथबाबांनी कप पायानं खुर्चीखाली सारला.

"हो, हो… ते झालं गो. पण आता… म्हणजे पुढे काय? मागच्या रविवारी तू म्हणाली होतीस ना काहीतरी? इटालियन निघाली तर काय म्हणून?… आठव ना… डिचोलीत मिळणार नाही, हां, ते एक. आणि?… वेगळं हत्यार लागतं, बरोबर. आणि?… आणि पुढे काहीतरी म्हणाली होतीस तू."

"कुठे?… तुमच्या नमुन्यांच्या खोलीत?… पडून आहे? इटालियन?… नवा कोरा?… दोन वर्षं कोणी हात लावला नाही. बरं… म्हणजे तुझ्याकडे आहे तो."

"गोपाळच्या हाती?… शुक्रवारच्या बसनं. हो, गोपाळ आणील की. तो सगळं आणतो."

गोपाळ म्हणजे दोडामार्गचा गोपाळ, पुण्याहून गोव्याला येणाऱ्या रातराणीचा ड्रायव्हर. बापलेकीमधला सगळा व्यवहार त्याच्या सीटमागच्या कप्प्यातून चालायचा. इथून कोकमाची सोलं जायची, काजू जायचे, खारवलेली आंबोशी जायची. तिथून औषधं यायची, स्वेटर यायचा, नातवंडांचे फोटो यायचे. वस्तू येत-जात होत्या. माणसं तेवढी येत नव्हती.

"शनिवारी सकाळी म्हापशाच्या स्टँडवर… जाईन की. पण बाय, अगो ऐक, कप आला तरी हत्यार कुठे आहे माझ्याकडे? हे छिन्नीनं सोडवायला ठीक, पण बसवायला… पाना पण पाठवतेस? त्याच पुडक्यात?… बरं."

"पण मला दिसत नाही गो आता नीट. आटा वाकडा लागला तर नळीच फाटेल, तूच म्हणालीस… मधुकर? मधुकर बसवील, पण त्यानं इटालियन कधी पाहिलंय? तो आपला नेहमीच्या सवयीनं उलट्या दिशेनं फिरवील आणि वाट लावील… तू त्याला फोन करणार? दुकानात? पुण्याहून?… हो, आहे त्याच्याकडे फोन. शेजारच्या फार्मसीत आहे, बोलावतात… हो, तू सांगितलंस की ऐकेल तो. तुला सगळेच ऐकतात."

"आणि आतले आटे? त्यात लाल धूळ बसलीय वर्षानुवर्षांची. ती कोण काढणार?… जुन्या ब्रशनं. रॉकेल लावून… हो. तेही आहे म्हणा माझ्याकडे."

एकेक अडचण कृष्णनाथबाब पुढे करत होते आणि एकेक ती पोरगी बाजूला करत होती, तीही प्रेमानं, काही न चुकता. अडलंय म्हणून हात जोडून बसायचं नाही, माल कुठे आहे तो शोधायचा, हे तिला शिकवलं कोणी? त्यांनीच. इतकी चांगली शिकली होती की तिला स्वतःला यायची गरजच उरली नव्हती. बापाला अभिमान वाटला, आणि शिकवल्याचा पश्चात्तापही.

"हां… हां, आहे मी. ऐकतोय… नाही, गप्प नाही झालो. विचार करत होतो… आणखी? आणखी काय पाठवशील?… काही नको. स्वेटर आहे. औषधं आहेत… चहा पण आहे गो… नको म्हटलं ना… आता विचारतेसच तर सांगतो. तूच ये त्या बसमध्ये बसून. त्या कपाबरोबर."

"हसलीस?… हो, मस्करी केली. हो गो, मस्करीच… मला माहीत नाही का, सुट्टी कुठून मिळणार तुला. आणि सासूबाईंचा डोळा आहे… नाही, नाही, राग कसला? तू हसलीस ते बरं झालं. आवाज तरी आला हसण्याचा."

जनेलाबाहेर उंडो कागदात तसाच पडला होता. मुंग्या लागतील म्हणून तो आत घ्यायला हवा होता, पण फोनची वायर तिथपर्यंत पोचत नव्हती. ठेवावा आता फोन, असं त्यांच्या मनात आलं. तिकडे मुलं आली होती. दार आपटल्याचा आणि "आई, भूक" असा आवाज आला.

"आली वाटतं पोरं. जा तू, खायला दे त्यांना. ठेवतो… हां? काय?… जुना? जुना कप कशाला गो तुला?… अगो, झिजलाय तो. खड्डे पडलेत. फेकायचाच होता… साहेबांना दाखवायला? एवढा जुना इटालियन बघितला नाही त्यांनी… गोपाळच्याच हाती परत. हं."

कृष्णनाथबाबांनी खुर्चीखालून कप पायानं पुढे ओढला आणि वाकून उचलला.

भंगारात गेला म्हणता आलं असतं. भंगारवाला कालच येऊन गेला होता, आणि एक खोटं पचल्यावर दुसरं जड जायचं कारण नाही. पण तिच्या हातात हा कप पडला तर काय होईल ते त्यांना दिसत होतं. ती मापसुद्धा काढणार नाही. अंगठ्याचं नख आट्यांवरून फिरवील, उलटे आहेत हे तिला क्षणात कळेल, आणि मग हेही कळेल की आपल्या बापाची आट्यांत चूक होणं शक्य नाही. डोकं गेलं असलं तरी नाही. मग एवढं सगळं हातोडी आपटत त्यानं का केलं, ते तिला स्वतःशीच शोधावं लागेल. कप अंगठा आणि तर्जनीत धरून त्यांनी आट्यांवरून एकदा नख फिरवलं. 'तूच ये' हे जे मघाशी तोंडानं सांगितलं आणि मस्करीवर नेलं, ते या लोखंडाला मस्करीवर नेता येणार नव्हतं.

"हॅलो… हो, आहे. पाठवतो… हो गो, पाठवतो म्हटलं ना. तसाच पाठवतो, घासत-पुसत नाही… नीट गुंडाळतो… पण बाय, ऐक. साहेबांना दाखवायच्या आधी तू बघ. तू एकटी बघ. जावईबापूंना पण नको लगेच… काही नाही गो. उजेडात धर आणि आटे कुठल्या बाजूला चढतात ते बघ… नाही, फोनवर नाही सांगत… अगो, नाही येत मला फोनवर सांगायला! तू बघितलंस की कळेल तुला. तुला नाही कळणार तर कोणाला?"

"रागावशील थोडी. रागाव… नाही, तब्येत ठीक आहे माझी. डोकं पण ठीक आहे, एकदम ठीक आहे, त्याची काळजी करू नकोस… आणि कळलं ना, की मग रविवारची वाट बघू नकोस. काय?… पूर्ण दर पडला तरी चालेल, मधल्या वारीच कर… फोन कर, नाहीतर… हॅलो?… सुमा?… हॅलो, आयकू येतं का?… हॅलो…"

लाइन गेली होती. मधल्या वारी फोन कर, एवढं तरी तिकडे पोचलं की नाही हे कळायला मार्ग नव्हता. पुन्हा घंटा वाजेल म्हणून कृष्णनाथबाब थोडा वेळ बसले. वाजली नाही. मग त्यांनी कप वर्तमानपत्रात गुंडाळला, वरून सुतळी बांधली आणि गाठ दोनदा मारली.